मनगटाचे अंदाजपत्रक

वेळ कळावी म्हणून घड्याळ विकत घेणारा इसम आता जवळजवळ नामशेष झाला आहे. वेळ मोबाइलवर दिसते, मोटारीत दिसते, फलाटावरच्या इंडिकेटरवर दिसते, आणि दूध तापवण्यासाठी घेतलेल्या मायक्रोवेव्हच्या कपाळावरही ती अहोरात्र झळकत असते. वेळेचा असा सुकाळ असताना, चाळिशी ओलांडलेला, घराच्या कर्जाचे हप्ते निम्मे फेडलेला आणि मुलाच्या शिकवणीचे पैसे नुकतेच भरून मोकळा झालेला एखादा सुस्वभावी गृहस्थ एके दिवशी अकस्मात 'आपल्याकडे एक चांगले घड्याळ असावे' असे उद्गार काढतो, तेव्हा घरच्या मंडळींनी त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी हे स्वाभाविकच आहे. कारण घड्याळे त्याच्याकडे असतातच. लग्नात सासऱ्यांनी दिलेले एक असते, कचेरीच्या रौप्यमहोत्सवात वाटलेले दुसरे असते, आणि पट्टा तुटल्यामुळे कपाटाच्या खणात कायमच्या रजेवर गेलेले तिसरे असते. तिन्ही वेळ बरोबर दाखवतात, निदान सेल घातला तर दाखवतील; परंतु चांगल्या घड्याळाकडून इतकी सामान्य अपेक्षा हल्ली कोणी धरीत नाही.

आमचे एक स्नेही पुण्यात विम्याच्या व्यवसायात आहेत. दुसऱ्यांच्या संकटांची किंमत ठरवण्यात ज्यांची हयात गेली, ते हे सावध गृहस्थ गेल्या वर्षी या नादाला लागले. घरचे वित्तखाते त्यांच्या सौभाग्यवतींकडे आहे. त्यांनी बऱ्याच वाटाघाटींनंतर साठ हजार रुपयांची तरतूद मंजूर केली. मात्र मंजुरीखाली, जुन्या मामलेदार कचेरीतल्या शिरस्तेदाराला शोभेल असा शेराही मारला की, सदर रक्कम एकरकमी व अखेरची असून पुरवणी मागणी दाखल करून घेतली जाणार नाही, आणि घड्याळ घरात येताक्षणी दिवाणखान्याच्या पडद्यांचा तहकूब झालेला प्रस्ताव पुन्हा विचारार्थ घेतला जाईल. साठ हजार ही रक्कम या प्रांतात मोठी चमत्कारिक आहे. ती शेजाऱ्याला सांगितली तर तो उधळपट्टी म्हणतो. घड्याळांच्या दर्दी माणसाला सांगितली तर तो हळहळून पाण्याचा पेला पुढे करतो. एवढ्या पैशांत भारतीय घड्याळांच्या घराची जवळजवळ गच्ची गाठता येते, जपानी घड्याळांच्या दिवाणखान्यात ऐसपैस बसता येते, आणि स्विस घड्याळांच्या उंबरठ्यावर, वहाणा हातात धरून, उभे राहता येते. स्नेह्यांना अर्थातच उंबरठा हवा होता.

हा मोह काही आजचा नाही. १७३७ पासूनची वंशावळ सांगणाऱ्या फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीने १८६५ साली मुंबईत पाऊल ठेवले, आणि पुढे कित्येक पिढ्या ज्याच्या मनगटावर ते घड्याळ असे, त्याच्या कर्जाच्या अर्जाकडे सावकार जरा मऊ नजरेने पाही. स्वातंत्र्यानंतर आयातीचा मार्ग अरुंद झाला आणि १९६१ साली बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्यातून निघालेले एक 'जनता' स्नेह्यांच्या वडिलांकडे होते. सकाळी पूजा आटोपली, सोवळे सुटले, की वडील ते खुंटीवरून काढीत आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत फिरकी धरून चावी देत. चावी देताना ते कोणाशी बोलत नसत, कारण शेवटच्या फेऱ्यांत फिरकी किंचित जड होते आणि मग एके ठिकाणी बोटाला ठाम नकार देते, तो नकार ओळखता आला पाहिजे अशी त्यांची धारणा होती. २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. आता तीच जुनी घड्याळे तबकडी नव्याने रंगवून, कधी पोपटी, कधी जांभळी, तर कधी मूळ कारखान्याच्या स्वप्नातही न आलेल्या नक्षीची, अशी विकली जातात, आणि परदेशातले संग्राहक त्यांना थट्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. स्वस्तात ऐश्वर्य मिळवण्याच्या कलेला जगाने आपल्या शहराचे नाव द्यावे, ही बाब मला तरी अगदीच अपमानास्पद वाटत नाही.

स्नेह्यांनी प्रथम अभ्यास केला. पहिले उंची घड्याळ घेणाऱ्या मनुष्याच्या अभ्यासापुढे स्पर्धा परीक्षेचा उमेदवार म्हणजे केवळ हौशी वाचक होय. रात्री अकरापर्यंत पोलादाचे प्रकार, काचेचे काठिण्य आणि पट्ट्याची रुंदी यांचा व्यासंग चाले. बायकोच्या शिवणाच्या पेटीतली टेप मनगटाभोवती गुंडाळून साडेसहा इंच हे माप पुन:पुन्हा घेतले जाई, जणू रात्रीतून त्यात वाढ होण्याचा संभव होता. या व्यासंगाअंती त्यांच्या विमेकरी दृष्टीला जे तत्त्व गवसले ते मला बिनतोड वाटते. जगातले बहुतेक प्रत्येक नामांकित घड्याळ कोणत्या ना कोणत्या जिवावरच्या संकटासाठी निर्माण झालेले असते, आणि ते विकत घेणारा मनुष्य त्या संकटाच्या वाटेला जन्मात जात नाही. सबब मर्यादित पैशांत घड्याळ निवडणे म्हणजे, आपल्यावर न येणाऱ्या संकटांपैकी कोणते आपल्याला परवडते, याचा हिशेब मांडणे.

पाणबुड्यांचेच घड्याळ घ्या. त्याच्या तबकडीवर ३०० मीटर असा आकडा असतो, आणि भोवती एकाच दिशेने फिरणारे कडे असते. हेतू असा की, पाण्याखाली चुकून धक्का लागून ते फिरलेच, तर शिल्लक वेळ खऱ्याहून कमी दिसावी, अधिक दिसू नये. काहींच्या कुशीला हीलियम वायू बाहेर सोडणारी एक झडपही असते, कारण दिवसचे दिवस प्रचंड दाबाच्या कोठडीत राहून समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे जेव्हा वर येतात, तेव्हा घड्याळात शिरून बसलेला हा वायू काच उडवून देऊ शकतो. हे सगळे वाचून स्नेह्यांचे डोळे पाणावले. आता वस्तुस्थिती अशी की, हे गृहस्थ गुहागरच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात शिरण्यापूर्वी पाकीट, चष्मा आणि घड्याळ हे तिन्ही ऐवज पत्नीच्या पर्समध्ये जमा करतात आणि तरीही अर्ध्या वाटेवरून लाट पाहून परततात. उलटपक्षी, नाजूक आणि घरंदाज घड्याळांच्या पाठीवर जे ३० मीटर असे कोरलेले असते, त्याचा व्यवहारातला आशय हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील इतकाच असतो. म्हणजे तीनशेवाला पाण्यात उतरत नाही, आणि तीसवाला उतरला तर घड्याळ बुडते.

शर्यतीच्या मोटारींशी नाते सांगणाऱ्या क्रोनोग्राफ घड्याळांची तऱ्हा याहून निराळी. त्यांच्या कडेला वेग मोजण्याची एक पट्टी असते: एक किलोमीटर अंतर तोडायला लागलेले सेकंद मोजावेत, आणि काटा जिथे थांबेल तिथला आकडा हा ताशी वेग समजावा. बहुतेक पट्ट्यांवर हा हिशेब ताशी ६० किलोमीटरला संपतो, कारण तोवर काट्याची एक फेरी पुरी होते; त्याहून मंद वाहनाची दप्तरी नोंद घ्यावी असे स्विस कारागिरांना वाटलेले दिसत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यावर ही पट्टी वापरू पाहणाऱ्याचा काटा फेऱ्यांवर फेऱ्या घालील, आणि पायी चाललेल्या बायका पिशव्या सावरीत त्याच्या पुढे निघून जातील. याच जातीच्या एका घड्याळाने, ओमेगाच्या स्पीडमास्टरने, १९६९ साली चंद्रावर हजेरी लावली. तेव्हापासून ते मनगटावर बांधणारा प्रत्येक मनुष्य, मग तो ठाण्याहून ठाकुर्लीस निघालेला का असेना, आपण थोडेफार अंतराळवीर आहोत अशा समजुतीने चालतो. चंद्रावरची पोकळी, तिथली थंडी आणि तिथला ताप यांचा विचार झाला, हे उत्तमच. पण सकाळच्या जलद लोकलमध्ये वरच्या कडीला धरलेल्या हाताच्या मनगटात शेजाऱ्याच्या डब्याच्या पिशवीचा बंद अडकला आणि शेजारी दादरला उतरला, तर पट्ट्याची पिन टिकेल काय, याची परीक्षा कोणी घेतल्याचे एकाही माहितीपत्रकात आढळत नाही.

पुढे वैमानिक. १९५५ साली रोलेक्सने पॅन अ‍ॅम कंपनीच्या वैमानिकांसाठी, दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा असलेले घड्याळ आणले, आणि आता हा काटा स्वस्त घड्याळांतही सापडतो. स्नेह्यांचा भाचा न्यू जर्सीत असल्यामुळे या काट्याची निकड त्यांना सौभाग्यवतींपुढे मांडता येण्याजोगी होती. परंतु आपली प्रमाणवेळ ग्रीनिचहून साडेपाच तास पुढे, आणि मिनिटकाटा दोन्ही देशांना मिळून एकच. त्यामुळे भाच्याकडे सकाळचे सात वाजले की हा जादा काटा सहा आणि सात किंवा सात आणि आठ यांच्या मधोमध, दोन घरच्या पाहुण्यासारखा, उपाशी उभा राहतो. उरलेला अर्धा तास मालकाने मनात मिळवायचा किंवा वजा करायचा. या अर्ध्यामुर्ध्या तासांशी आपले वैर जुने आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने ३९ मिनिटे मागे असलेली आपली खासगी 'मुंबई वेळ' हट्टाने चालू ठेवली होती, ती थेट १९५५ पर्यंत. म्हणजे ज्या वर्षी जगाला दुसरा काटा मिळाला, त्याच वर्षी मुंबईने आपली दुसरी वेळ सोडली. ३९ मिनिटांचा फरक दाखवणारे घड्याळ स्वित्झर्लंडने त्या काळी काढले असते, तर इथे निदान काही नगरसेवकांनी तरी ते खात्रीने घेतले असते.

पंचांग दाखवणाऱ्या घड्याळांवर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण तो आपला घरचा विषय. तबकडीवरच्या छोट्या खिडकीतून निळ्या आकाशात सोनेरी चंद्र सरकत जातो, ही शोभा निर्विवाद आहे. त्या चंद्रामागे बहुधा ५९ दात्यांचे चक्र असते. साडेएकोणतीस दिवसांचे दोन चांद्रमास, असा तो सोपा हिशेब. खरा चांद्रमास त्याहून पाऊण तासाने मोठा असल्याकारणाने अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एका दिवसाची चूक साचते, म्हणजे जवळजवळ अधिकमासाच्याच अंतराने स्विस चंद्राला दुरुस्तीस न्यावे लागते. याउलट, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले, १९७३ पासून चालत आलेले कालनिर्णय संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट सांगते, पाठीमागे पाककृती देते, आणि ज्या दिवशी दूधवाला आला नाही त्या चौकोनात फुली मारू देते. असल्या घड्याळावर फुली मारता येत नाही. याहून वरची पायरी म्हणजे शाश्वत पंचांगाची घड्याळे. तीस दिवसांचे महिने, एकतीस दिवसांचे महिने, फेब्रुवारीचे अठ्ठावीस आणि लीप वर्षांचे एकोणतीस, हे सारे ती आपापसांत समजून घेतात आणि २१०० सालापर्यंत त्यांना हात लावावा लागत नाही. त्या वर्षी मात्र, शंभराने भाग जाऊनही चारशेने न जाणारे ते वर्ष लीप नसल्यामुळे, त्यांची फसगत होते. इतकी विद्वत्ता एका बटणाएवढ्या जागेत मावते, त्याची किंमत एखाद्या लहानशा सदनिकेच्या पहिल्या हप्त्याएवढी होते, आणि एवढे करून त्यांना अधिकमास ठाऊक नसतो. स्नेह्यांच्या मातोश्रींनी हे ऐकले तेव्हा 'मग त्याचा उपयोग काय?' असा एकच प्रश्न विचारला, आणि त्या शेंगा सोलीत राहिल्या. अधिकमास हा शब्द त्या क्षणी त्यांच्या मनात बसला, याची कोणाला कल्पना आली नाही.

आता राहता राहिला अचूकपणा, ज्याविषयी दुकानदार स्वतःहून बोलत नाही. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. तेव्हा त्याची किंमत एका लहान मोटारीइतकी होती. पण पुढच्या काही वर्षांत सेलावर चालणारा, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा हा गारगोटीचा तुकडा इतका स्वस्त झाला की, स्वित्झर्लंडमधले दोन-तृतीयांश घड्याळ कामगार दीड दशकात घरी बसले. साधे क्वार्ट्झ महिन्याला फार तर पंधराएक सेकंद चुकते. आणि ज्या यांत्रिक घड्याळाला 'क्रोनोमीटर' ही पदवी स्विस परीक्षकांनी पंधरा दिवस पाच अवस्थांत व तीन तापमानांत पारखून बहाल केलेली असते, त्याला दिवसाला चार सेकंद मागे वा सहा सेकंद पुढे जाण्याची सनद असते. दिवसाला! शिवाय ती तापमाने ८, २३ आणि ३८ अंश अशी आहेत. मे महिन्यात चंद्रपूरला हे घड्याळ कसे वागेल याबद्दल परीक्षकांनी कोणतीही हमी घेतलेली नाही. स्नेह्यांनी हा मजकूर सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडू दिला नाही. त्याऐवजी त्यांनी आत पंचवीस माणके असल्याची बातमी दिली. माणके खरोखरच असतात, चाकांच्या आसांची झीज होऊ नये म्हणून बसवलेली; फक्त ती कारखान्यात घडवलेली असतात आणि सगळी मिळून विकली तरी वडापाव-चहाच्या पलीकडे मजल जाणार नाही. सौभाग्यवतींनी, रवीचे रत्न म्हणून अंगठीत घालण्यासाठी त्यांतले एक काढून मिळेल का, अशी चौकशी केली.

दुकानात मी सोबत गेलो होतो. वातानुकूलित शांतता, काळे हातमोजे घातलेला तरुण, मखमलीची तबके, आणि गिऱ्हाइकाने पैसे विसरावेत म्हणून आणलेली गोड कॉफी. तरुणाने प्रथम पंचावन्न हजारांचे घड्याळ ठेवले, शेजारी पंचाहत्तर हजारांचे ठेवले, आणि मग काहीही न बोलता एक लाख दहा हजारांचे ठेवून तो दोन पावले मागे सरला. माणसाच्या अंदाजपत्रकाइतके पुढे पळणारे दुसरे यंत्र आजवर निघालेले नाही: दहा मिनिटांत स्नेही साठावरून पंचाहत्तरावर आले, आणि पडदे पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवता येतील काय याची माझ्याशी कुजबुज करू लागले. पलीकडच्या दालनात त्याहून भारी घड्याळे होती. पण त्यांतली पुष्कळशी केवळ पाहण्यासाठी असून, ती हवी असल्यास नाव नोंदवून वाट पाहावी लागते, असे कळले. पैसे असून वस्तू न मिळण्याचे हे दुःख आपल्या पिढीला नवे नाही. आकुर्डीच्या चेतक स्कूटरसाठी नंबर लावून आमच्या वडीलधाऱ्यांनी दहा-दहा वर्षे काढली. फरक इतकाच की, ते त्या प्रतीक्षेची प्रौढी मिरवीत नसत. श्रीमंतांनाही 'नाही' ऐकावे लागते, या शोधाने स्नेह्यांच्या चित्ताला जी शांती लाभली, तिच्या बळावर ते पंचाहत्तरावरून खाली उतरले.

अखेर त्यांनी जुरा पर्वतातल्या एका जुन्या पेढीचे, पांढऱ्या तबकडीचे, हाताच्या हालचालीवर चालणारे घड्याळ घेतले. बासष्ट हजार. वरचे दोन हजार कचेरीतल्या भिशीतून आले, आणि ही गोष्ट या लेखाखेरीज अन्यत्र कुठे नमूद नाही. घड्याळाच्या पाठीला काच असून तीतून यंत्र दिसते. चक्रांवरची नक्षी, निळे स्क्रू, डोलणारा अर्धचंद्राकृती लोलक, हे सगळे अत्यंत देखणे आहे. ते घड्याळ हातात असेपर्यंत मनगटाला दिसते, आणि मालकाला ते बघायचे झाल्यास घड्याळ काढावे लागते.

मग ते संकट उद्भवले, ज्याच्यासाठी कोणत्याही देशाने अद्याप घड्याळ बनवलेले नाही. 'केवढ्याला पडलं?' तीनशे मीटर खोल पाण्याचा दाब सोसणारी काच या दोन शब्दांनी तडकते. उंची घड्याळ घेणाऱ्याची मोठी कुचंबणा अशी की, किंमत कळली नाही तर घेऊन उपयोग नाही, आणि कळली तर घेऊन सोय नाही. विम्यातला मुरब्बी माणूस असल्याने स्नेह्यांनी जोखमीप्रमाणे दर ठरवले. कचेरीतल्या वरिष्ठांना त्यांनी खरी किंमत सांगितली, बरोबरीच्यांना चाळीस हजार आणि तीही सेलमध्ये, इमारतीतल्या अध्यक्षांना, देखभाल खर्चाची वाढ तोंडावर असल्यामुळे, बारा हजार. आणि मातोश्रींना साडेतीन हजार.

मातोश्रींनी घड्याळ हातात घेऊन उलटेपालटे केले, पाठीच्या काचेतून आत पाहिले आणि साडेतीन हजारांच्या मानाने काम चांगले आहे असा निर्वाळा दिला. 'मग असं कर,' त्या म्हणाल्या, 'अधिक महिना येतोच आहे. जावईबापूंना अस्संच एक आण. धोंड्याच्या महिन्याचं वाण होईल. साडेतीन हजारांत हल्ली काय येतं?'

सौभाग्यवतींनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरले. पुढच्या रविवारी स्नेही आणि मी एका साध्या दुकानात गेलो आणि पांढऱ्या तबकडीचे, पोलादी पट्ट्याचे, दहा पावलांवरून हुबेहूब तसे दिसणारे देशी क्वार्ट्झ घड्याळ साडेतीन हजारांत विकत घेतले. अधिकमासाच्या आरंभीच तेहेतीस अनारशांबरोबर ते जावईबापूंच्या हाती पडले आणि त्यांनी ते तिथल्या तिथे मनगटावर चढवले.

महिना सरता सरता जावईबापू पुन्हा जेवायला आले, तेव्हा पंगतीला मीही होतो. ते हिशेबी गृहस्थ आहेत. पुरणपोळीवर तूप पडत असताना त्यांनी आपले मनगट स्नेह्यांच्या मनगटाशेजारी आणले, दोन्ही तबकड्या बारकाईने पाहिल्या, खिशातून मोबाइल काढून खात्री करून घेतली, आणि कमालीच्या सद्भावाने म्हणाले, 'दादा, तुमचं दोन मिनिटं पुढे गेलंय. माझं बघा, सेकंदाला सेकंद बरोबर आहे. लॉटमध्ये एखादा पीस असा निघतो हो. पावती आहे ना? मी येतो बरोबर, बदलून घेऊ.'

पावती हरवल्याचे स्नेह्यांनी इतक्या तत्परतेने जाहीर केले की, कटाची आमटी आणण्याच्या निमित्ताने सौभाग्यवतींना घाईघाईने आत जावे लागले. आणि मातोश्री म्हणाल्या, 'हरवायचीच. साडेतीन हजारांची पावती कोण जपून ठेवतो?'